सावडीने भरलेली टर्म

आमच्या वेळी वकील व्हायला हुशारी नंतर लागे, आधी हजेरी लागे. हे मी चेष्टेने म्हणत नाही. कॉलेजच्या नियमांचं एक पिवळं पुस्तक होतं आणि त्याच्या पहिल्याच पानावर छापलं होतं की, चार व्याख्यानांपैकी तीन ऐकली तरच टर्म भरली असं समजायचं. टर्म भरली तर परीक्षेला बसायचं. नाही भरली तर घरी बसायचं. शिवाय एका वेळी एकच टर्म. गेलेली टर्म पुढच्या टर्मला जोडून भरून काढीन म्हटलं तर तेही चालत नसे, ती पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आज मी शहापूरच्या आणि मुरबाडच्या कोर्टात उभा राहतो, पण एवढा पाठ कायदा मला दुसरा कुठलाच नाही.

हे एकोणीसशे सदतीस सालचं. आमचं गाव खर्डी स्टेशनापासून दीड कोस डोंगराच्या अंगाला. वडील लवकर गेले. थोरला भाऊ लडकू दहाव्या वर्षी गुरांमागे गेला, म्हणून मी शाळेत गेलो. त्याला अक्षराची ओळख नाही आणि मी कायद्याच्या कॉलेजात. गावात कोणी नाव विचारलं तर तो स्वतःचं सांगायच्या आधी माझं सांगायचा, 'मी कमळूचा भाव.' मला लाज वाटायची. कशाची, ते मला आज धड सांगता येत नाही.

मुंबईत मी परळला मामाच्या खोलीवर राहत होतो. अकरा ते दोन अशी रोज तीन व्याख्यानं. हॉल लांबलचक, मागचे दोन-तीन बाक कायम रिकामे आणि त्यांच्या मागे चुन्याची भिंत. त्या चुन्यात डिंकच घातला नव्हता की काय कोण जाणे, हात लागला की पांढरा. उशिरा येणारी मुलं त्या भिंतीला टेकून उभी राहत आणि मग दिवसभर पाठीवरून ओळखू येत. आम्ही त्यांना 'रंगकामवाले' म्हणायचो.

जुलैत मला हिवताप झाला. आजारपणाची जेवढी सूट पुस्तकात होती तेवढी त्यातच संपली. सप्टेंबरात ताप पुन्हा उलटला तेव्हा मी घरी होतो, शनिवारी दादाला भेटायला आलेला. रविवारी गोधडीखाली दात वाजवत मी बोटं मोजत होतो. दादा उशाशी बसला होता.

"काय मोजतोस रे?"

"दिवस," मी म्हणालो. "माझी हजेरी काठावर आहे. उद्यापासून शनिवारपर्यंत सहा दिवस. त्यातला एक जरी चुकला तरी टर्म गेली. वर्ष गेलं."

दादाने माझी बोटं स्वतः एकदा मोजली. मग म्हणाला, "सहाच ना? मंग घरचं मानूस गेलं पायजे."

मी 'हो' म्हणालो. तापात माणूस कशालाही हो म्हणतो.

इथे आमच्याकडची सावड सांगितली पाहिजे. आमच्या गावात लावणी-कापणीला रोजाने माणसं कोणी लावत नसे. आज पाच घरांची माणसं तुमच्या खाचरात, उद्या त्याची फेड म्हणून तुम्ही त्यांच्या. ज्याच्या शेतात काम तो त्या दिवशीचा घरधनी. घरातलं कोण यावं याला बंधन नाही. बाप आजारी असला तर मुलगी येते, मुलगी नसली तर चुलता. घरचं माणूस आलं की त्या घराचा दिवस भरला, त्यात कोणी वाकडं तोंड करायचं नाही. आलेल्याने मात्र इतर करतात तेच काम करायचं आणि घरधनी बस म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही. एवढाच कायदा. तो छापलेला नव्हता आणि कोणी मोडलेला मला माहीत नाही.

सोमवारी डोळे उघडले तेव्हा खुंटीवर माझा कोट नव्हता. आई काढा घेऊन आली.

"लडकू गेला ना तुजं दिवस भराया," ती म्हणाली. "पाटंच्या गाडीला. मामा दावील त्याला कालेज."

मी आधी हसलो. मग माझ्या डोळ्यांपुढे तो कॉलेजचा हॉल आला, त्यात धोतरावर माझा कोट चढवलेला दादा आला, आणि माझं हसू पळालं. उठून धावावं तर उंबऱ्यापर्यंत जायचं बळ नव्हतं. सहा दिवस मी चिडून पडून राहिलो. दादावर चिडलो, तापावर चिडलो, आणि आई 'कसा ग बाई त्याला मार्ग सुचला' म्हणून शेजारणीला सांगत होती तेव्हा आईवरही चिडलो.

रविवारी दुपारी तो आला. पाय धुतले, कोट काढून झटकला आणि खुंटीला अडकवला. मी आधी कोटाकडेच बघितलं, खोटं कशाला बोलू. धसईच्या शिंप्याकडून शिवलेला तो माझा एकुलता एक कोट. जसा गेला तसा आला होता. पुढे डाग नाही, पाठीला डाग नाही.

"काय केलंस तिथे?" मी विचारलं.

"सगळी करीत व्हती ताच केलं. तुजा नंबर पुकारला का 'येस सर' म्हनायचं, ता त्या पोरांनी शिकवलं. लय हसत व्हती, पन शिकवलं. मंग लिवायचं."

"तुला लिहिता येतं?"

"नाय. पन बाकीची लिवत व्हती. सावडीला जाऊन हात बांधून कसं चालंल?"

त्याने पिशवीतून एक वही काढून माझ्या हातात दिली. मी ती उघडली ती दादाला काय बोलावं याची वाक्यं मनात जुळवत. पहिलं पान बघितलं आणि सगळी वाक्यं गेली.

फळ्यावर मास्तरांनी जे जे लिहिलं ते सगळं त्या वहीत होतं. इंग्रजी अक्षरं, एकूण एक. लिहिलेली नव्हती, काढलेली होती. शिसपेन एवढी दाबून धरलेली की मागच्या पानावर उठाव आला होता. पहिल्या पानावरची अक्षरं वाकडी, एकमेकांवर चढलेली. तिसऱ्या दिवसापासून सरळ. सहाव्या दिवशीची माझ्यापेक्षा बरी. कन्सिडरेशन म्हणजे काय, करार केव्हा रद्द होतो, कलमांचे आकडे, खटल्यांची नावं, सगळं मला वाचता येत होतं. मास्तरांनी जिथे फडक्याने पुसलं होतं तिथे दादाने पुसल्याचा फरकाटासुद्धा काढला होता, कारण कुठलं कामाचं आणि कुठलं टाकाऊ हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला कळत नाही म्हणून त्याने काहीही सोडलं नव्हतं.

मी जन्मात एवढा थक्क झालेलो नाही. तापातून उठलेला होतो म्हणून असेल, पण ती वही मांडीवर धरून मला भीतीच वाटली.

"काय बोलत व्हतं ता एक शबुद समजला नाय," दादा सांगत होता. "पन एक म्हातारा बोलतो, अन शंभर पोरं माना खाली घालून लिवतात. कोनी हूं नाय का चूं नाय. काय तरी मोठं चाललंय येवढं कळत व्हतं रे. आंगाव काटा येत व्हता." मग तो जरा पुढे सरकला. "तू बरा झालास का त्यांना सांग हां, सहा दिवस भाव आलेला म्हनून. सावडीला कोन आलं ता घरधन्याला ठावं पायजे."

"सांगेन," मी म्हणालो.

सांगितलं नाही. दुसऱ्याच्या नावाने हजेरी देणं याला पिवळ्या पुस्तकात काय म्हटलं होतं ते मला तोंडपाठ होतं. दादाने लबाडी केली नव्हती, कारण त्याच्या लेखी तो आमच्या घराचा माणूस म्हणून गेला होता. मी गप्प बसलो तर मात्र ती माझी लबाडी होती. आणि मी गप्प बसलो. ऑक्टोबरात टर्म भरलेल्यांची यादी लागली, तिच्यात माझा एकशे बारा नंबर होता. बरोबर काठावर. मी पुन्हा पुन्हा जाऊन तो आकडा बघत होतो.

कापणीच्या दिवसांत घरी आलो. दादा खाचरात भात कापत होता. वाकल्या वाकल्याच त्याने विचारलं, "साहेब काय म्हनाले?"

"अजून सांगितलं नाही."

त्याचा विळा थांबला. "म्हंजे मानूस शेतात राबून गेला अन घरधन्याला ठावंच नाय." एवढंच बोलला आणि पुन्हा कापायला लागला. रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण तो रागावला नव्हता, त्याला माझी लाज वाटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवला, वही घेतली आणि खर्डीची वाट धरली.

प्रिन्सिपॉलसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग वही मागितली. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या पानावर आले.

"यांना अक्षरओळख नाही?"

"नाही साहेब."

त्यांनी पट मागवला, लाल शाई घेतली आणि माझ्या नावापुढच्या सहा दिवसांवर सहा रेघा ओढल्या. "टर्म गेली," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः आलात म्हणून एवढ्यावर भागलं, नाहीतर नाव कमी केलं असतं. ही टर्म पुढच्या जूनला पहिल्यापासून." मग ते खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हातांनी वही मला परत दिली. ते कोणासाठी उठताना मी तोवर पाहिले नव्हते.

बाहेर रंगू शिपाई भेटला. "तो कोटवाला गडी तुमचा भाऊ होय?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं कोणाचा तरी निरोप घेऊन आलाय. सहाही दिवस मागच्या भिंतीशी उभा. तीन-तीन तास, वही तळहातावर धरून. पुढ्यात बाक रिकामे होते हो, पण बस म्हणून कोणी सांगितलं नाही."

मी हॉलमध्ये गेलो. सुट्टीचे दिवस, आत कोणी नव्हतं. मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो, जिथे तो राहिला असेल तिथे. ताप अंगातून पुरता गेला नव्हता. वर्ष गेलं हेही आता आत उतरत होतं. अर्ध्या तासातच पोटऱ्या भरून आल्या आणि केव्हा टेकलो ते मला कळलंही नाही.

घरी पोचलो तेव्हा दादा अंगणात विळ्याला धार लावत होता.

"कुठं टेकलास रे?" तो म्हणाला. "पाठ सगळी पांढरी झाली." आणि उठून माझी पाठ झटकायला लागला.

"तुझ्या भिंतीला," मी म्हणालो. "तू घातलास तेव्हा कोट कसा नाही झाला पांढरा?"

"मी कशाला टेकू? सावडीला गेलेलो ना मी."

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. रडतच त्याला सांगितलं की सहा दिवस कापले, टर्म गेली, ती सगळी आता पुढच्या वर्षी पुन्हा. त्याने माझी पाठ झटकायचं थांबवलं नाही. चुना सगळा उडाल्यावर म्हणाला, "घरधन्यानं दिवस घेतलं नाय तर माज्या सहा दिवसांची तुज्याव फेड नाय. सुटलास तू."

"माझ्यावर आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला लावून मी विळा घेतला आणि दादाच्या मागोमाग खाचरात उतरलो. मी सहा दिवस कापणी केली. पहिल्या दिवशी बोट कापलं, दुसऱ्या दिवशी कंबर गेली, तिसऱ्या दिवशी आईने काढा केला तो मी उभ्याने प्यायलो. दुपारी भाकरीला सगळे बांधावर बसत तेव्हा मी उभ्यानेच भाकरी खाई. शेजारचा देवजी हसायचा, वकिलाला बसायला खुर्ची पाहिजे म्हणायचा. दादा खाली मान घालून जेवायचा. तो हसत नसे आणि मला काही सांगतही नसे.

सहाव्या दिवशी ऊन उतरल्यावर शेवटचा भारा बांधून झाला. दादाने विळा कमरेला खोचला, बांधावर बसला, आणि बाजूला सरकून जागा केली.

"बस आता, कमळू," तो म्हणाला.