साल्वादोरचा शब्द आणि कुर्ल्यांचा कार्यक्रम

साल्वादोर तसा देवाला घाबरून असणारा माणूस. देवाला फसवायचा प्रयत्न तो वर्षातून एकदाच करायचा. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ, म्हणजे लेंट, सुरू झाला की घरातल्या प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट सोडायची, अशी रीत. शेजारचे लोक मटण सोडत, दारू सोडत. साल्वादोर वांगी सोडायचा. वांग्याला त्याने जन्मात तोंड लावलेलं नव्हतं. मग एका वर्षी दुधी, एका वर्षी पडवळ, असं करत करत त्याने मालवणच्या बाजारातली न आवडणारी भाजी जवळजवळ संपवत आणली होती.

या वर्षी मात्र त्याची बायको वेरोनिका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सावंतवाडीला दिलेल्या त्यांच्या मुलीला, डेलिशाला, सातवा महिना लागला होता. ब्लड प्रेशर चढत होतं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून तिला बजावलं होतं.

"औंदा पडवळ चलाचा नाय, सालू," वेरोनिका म्हणाली. "चेडवासाठी सोडूचां आसा. जीव तुटात असा कायतरी सोड."

साल्वादोरने खूप विचार केला. मासे सोडले तर ईस्टरपर्यंत आपण जगू की नाही याची त्याला शंका होती. मग राहिले फक्त कुर्ले.

'द लाइटनिंग क्रॅब्स' हा चार गोवेकरांचा रॉक बँड. साल्वादोर तरुण होता तेव्हा पणजीपासून मालवणपर्यंत त्यांच्या नावाने पोरं वेडी व्हायची. सगळे त्यांना नुसतं 'कुर्ले', म्हणजे खेकडे, म्हणत. पुढे एकदा जीपमध्ये पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून गायक लिओन आणि गिटारवाला यांचं असं काही वाजलं की बँड तिथेच मोडला. लिओन कॅनडाला निघून गेला. साल्वादोर एसटीत कंट्रोलर झाला आणि निवृत्त होईपर्यंत मालवण-सावंतवाडी गाडीची घोषणा लिओनच्या चालीवर करत राहिला. रोज संध्याकाळी कुर्ल्यांची एक कॅसेट ऐकल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

तेव्हा उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, त्याने चर्चमध्ये वेदीसमोर गुडघे टेकले आणि कंट्रोलरच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा शब्द दिला: "ईस्टरपर्यंत कुर्ल्यांचा एक सूरही कानात पडू देणार नाही. माझ्या डेलिशाला आणि तिच्या बाळाला सांभाळ." आयुष्यात पहिल्यांदाच तो देवाशी सरळ वागला होता. त्याला बरं वाटलं.

आठवडा उलटला नाही तोच लवू धापा टाकत दारात आला. लवूचं बाजारात स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. कुर्ल्यांच्या बाबतीत तो साल्वादोरचा गुरुबंधू.

"सालू! कुर्ले येतत! चारय जण! आपल्या मालवणात!"

साल्वादोर खुर्चीतून उठला आणि त्याच खुर्चीत परत बसला. "कधी?"

"ह्यो शुक्रवार सोडून फुडच्या शुक्रवारी."

कार्यक्रम ठरवला होता हॉटेलवाल्या सुदेशने, आणि तारीख त्याने अगदी डोकं लावून काढली होती. मैदानावर माशांचे स्टॉल लागणार, म्हणून सोमवार नको, गुरुवार नको, शनिवार नको. संकष्टी नको, एकादशी नको. शिमग्याची पालखी फिरते ते दिवस नकोत. रविवारी क्रिकेटचे सामने. सगळ्यातून गाळून एक निर्मळ शुक्रवार त्याच्या हाती लागला. त्या शुक्रवारी निम्मे प्रेक्षक उपासकाळात असतील, हे काही त्याच्या कॅलेंडरावर छापलेलं नव्हतं.

"निदान रविवार तरी धरूचो," साल्वादोर कळवळला. "रविवार उपासात मोजत नाय रे!"

पण आता मालवणला वेड लागलं होतं. साठी ओलांडलेल्या माणसांनी केस काळे केले. लवूने ट्रंकेतून जुनी जीन्स काढली, ती गुडघ्याच्या वर जाईना, म्हणून दोन्ही बाजूंनी उसवून मध्ये ताडपत्रीच्या पट्ट्या शिवून घेतल्या. नांदगावहून, कणकवलीहून लोक येणार होते. मासळीबाजारात कोळणीसुद्धा गिऱ्हाइकाला विचारायच्या, "तिकीट गावला?" आणि या सगळ्यात, ज्याने कुर्ल्यांना सगळ्यांत जास्त जीव लावला तो साल्वादोर खिडक्या लावून घरात बसायचा, कारण गल्लीतली पोरं मोबाइलवर कुर्ल्यांची गाणी वाजवत जायची. त्याला रडू यायचं. लिओन सत्तरीचा झालेला. पुन्हा तो कशाला येतोय?

शेवटी तो फादरकडे गेला.

"शब्द बदलता येतो, साल्वादोर," फादर समजुतीने म्हणाले. "त्याऐवजी एखाद्या आजाऱ्याची सेवा कर. देव समजून घेतो."

साल्वादोरच्या तोंडावर क्षणभर ऊन पडलं आणि लगेच गेलं. "फादर, रिझर्वेशन बदललं की माणसाच्या हातात नवीन तिकीट येतं. इथे बदल झाला की नाही, हे मला कोण सांगणार? आणि मध्येच डेलिशाला काही झालं तर?"

साल्वादोर आला तसा परत गेला.

त्या दिवशी तो जेवला नाही. बांगड्याचं तिखलं समोर असताना साल्वादोर जेवत नाही म्हटल्यावर वेरोनिकाने ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर बसली.

"तू शब्द कसलो दिलंस?"

"कानात सूर पडूक देवचंय नाय."

"मगे? कान दिलंस. डोळे खंय दिलंस?"

साल्वादोर तिच्याकडे बघतच राहिला. छत्तीस पडवळं सोडूनही त्याला जे सुचलं नसतं, ते या बाईला बसल्या जागी सुचलं होतं.

कार्यक्रम दुपारी चारला होता. चारही कुर्ल्यांना आता जागरण सोसत नव्हतं. निघण्यापूर्वी वेरोनिकाने मेणबत्ती वितळवली, कापसाचे बोळे त्यात भिजवले आणि कोमट असतानाच साल्वादोरच्या कानात दाबून बसवले. वरून माकडटोपी. टोपीवर लवूच्या गॅरेजमधलं हेल्मेट. मार्चच्या उकाड्यात साल्वादोर असा मैदानात शिरला तेव्हा लोकांनी आपोआप वाट करून दिली. त्याच्या एका बाजूला वेरोनिका बसली, दुसऱ्या बाजूला ताडपत्रीच्या पट्ट्या कुरकुरवत लवू.

आणि कुर्ले आले. चकचकीत जाकीट घातलेला, पोट सुटलेला, केस गेलेला लिओन. पण त्याने माइक पकडला तो तसाच, दोन बोटांत. साल्वादोरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ड्रम सुरू झाले तशी त्याच्या छातीत धडधड उठली. आता छाती ही कानात धरायची की नाही? त्याने घाबरून वेरोनिकाकडे पाहिलं. तिने मानेनेच परवानगी दिली.

मग त्याला कशाची शुद्ध राहिली नाही. गिटारवाल्याची बोटं बघून तो गाणं ओळखायचा, लिओनचे ओठ हलले की शब्द न् शब्द त्याला आठवायचा, आणि हेल्मेटच्या आत तो पंचविशीतला लिओन, तोच तापलेला आवाज, गळा फाडून गायचा. लवू डोक्याला हात लावून बसला होता. भरून आलं असेल बिचाऱ्याला. पुढच्या रांगेतला एकजण तोंड झाकून हलत होता. एका गाण्याच्या मध्येच लिओन आणि गिटारवाला एकमेकांसमोर बोटं नाचवायला लागले. हा अभिनय पूर्वी नव्हता, पण जोरदार होता. हळूहळू लोक उठून सुरमईच्या स्टॉलकडे सरकले. उपाशी आले असतील, साल्वादोरला वाटलं. शेवटच्या गाण्याला उभा राहून टाळ्या वाजवणारा तो जवळजवळ एकटाच होता. लिओनने त्याच्याकडे बघून छातीवर हात ठेवला. साल्वादोरच्या आयुष्याचं सार्थक झालं.

मंच पूर्ण रिकामा झाला, वायरी गुंडाळल्या, तेव्हा वेरोनिकाने त्याच्या कानातलं मेण उकरून काढलं. पहिला आवाज कानात पडला तो शेजारून जाणाऱ्या एका माणसाचा. "पैसे पाण्यात गेले," तो बायकोला सांगत होता. "एक सूर जाग्यार नाय. ह्याच्यापेक्षा आमच्या माडावरचो कावळो बरो."

साल्वादोर हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, "वेरोनिका, कसो गायलो गो लिओन?"

लवूने तोंड उघडलं. वेरोनिकाने त्याच्या पायावर पाय दिला.

"तसोच," ती म्हणाली. "पूर्वी गायचो तसोच. जराय फरक नाय."

वेरोनिका मासळी विकत घेतानासुद्धा खोटं बोलत नसे. साल्वादोरने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"माका दिसताच होतां, तसोच गाय होतो," तो म्हणाला. "लवू, तू रेकॉर्ड करी होतंस मा? ईस्टराक ऐकतलंय."

"फोन बंद पडलो रे," लवू म्हणाला आणि हातातला चालू फोन खिशात घातला.

तेवढ्यात डेलिशाचा फोन आला. प्रेशर उतरलं होतं, बाळ लाथा मारत होतं, आणि कार्यक्रम कसा झाला ते तिला ऐकायचं होतं. "एक नंबर, बाये! काय गायलो लिओन!" साल्वादोर ओरडला. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

लवू गॅरेजच्या वळणावर गेला. दोघं घराच्या वाटेने चालू लागली. वेरोनिका दोन पावलं मागेच राहिली.

"काय झाला गो?"

"काय नाय. उद्या फादरांकडे कन्फेशनक जावचां आसा माका."

"मीय येतंय."

"तू कशाक? तुझो शब्द तर रवलो."

"शब्द रवलो," साल्वादोर म्हणाला. "पण आज खोटां मीय बोललंय. एकदा चेडवाकडे, आणि त्याच्या आधी एकदा तुझ्याकडे."

वेरोनिका थांबली. मग भर रस्त्यात तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घर येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही.