डी कॉर्बे घराण्याची पट्टी

ॲथलोनजवळच्या एका खेड्यात हरीश इनामदारने घर घेतलं आणि मागच्या कुरणातल्या पडक्या बुरुजाने त्याला झपाटलं. बुरूज इंग्लंडहून आलेल्या डी कॉर्बे नावाच्या लहानशा सरदार घराण्याचा. आठवडाभर टेलिकॉम कंपनीत कोड लिहायचा आणि सुट्टी काढून डब्लिनच्या दप्तरखान्यात बसायचा, असा हरीशचा क्रम सुरू झाला. तेराव्या शतकात राजाने दिलेली तीन गावं, बदल्यात युद्धाला एक घोडेस्वार, आणि पुढची चारशे वर्षं निव्वळ भाऊबंदकी.

"यासाठी आयर्लंड कशाला हवं होतं?" त्याची बायको योगिनी म्हणाली. "तुझ्या काकांकडे वाईला गेलो असतो की."

२०१७च्या ऑगस्टमध्ये गावच्या हॉलमध्ये त्याचं व्याख्यान झालं. १६५०च्या सुमारास हे घराणं निर्वंश झालं, असं त्याने जड आवाजात सांगितलं. मागच्या रांगेत डेक्लन कॉर्बी उठला. बुरुजाभोवती चरणाऱ्या गाई त्याच्याच.

"निर्वंश नाही झालो," तो म्हणाला. "नाव तेवढं आखूड झालं."

हॉलभर हशा पिकला. हरीशचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी डेक्लन अंडी घेऊन दारात हजर. ओढ्याकाठच्या जमिनीच्या एका पट्टीवरून त्याचं चुलतभाऊ फर्गलशी एकतीस वर्षं बोलणं नव्हतं. जुने कागद बघून पट्टी कोणाची ते हरीशने सांगावं, एवढीच त्याची विनंती होती. तिसऱ्या दिवशी फर्गल आला, तीच विनंती आणि ॲपल टार्ट घेऊन. हरीश मनातून सुखावला. दीड महिना त्याने शब्दकोश घेऊन लॅटिन दप्तरं उपसली आणि मग दोघांना घरी बोलावलं. ते स्वयंपाकघराच्या दोन टोकांना उभे राहिले. योगिनीने दिलेला चहाही त्यांनी उभ्यानेच घेतला.

"पट्टी तुमच्या दोघांचीही नाही," हरीश म्हणाला. "१३१२ साली तुमच्या पूर्वजाने ती शेजारच्या आयरिश कुटुंबाकडून बळकावली. त्यांची फिर्याद नोंदलेली आहे."

डेक्लनने फर्गलकडे पाहिलं.

"याला कोणी विचारलं होतं?"

"मी तर नाही," फर्गल म्हणाला.

दोघं एकाच गाडीतून गेले. महिन्याभरात त्यांनी मिळून पट्टीला तारेचं कुंपण घातलं. आता पबमध्ये ते एकाच टेबलाशी बसतात. हरीश आत आला की गप्प होतात. या समेटाचं श्रेय गावाने चर्चच्या फादरना दिलं, आणि त्यांनीही ते नाकारलं नाही.