दाजी आणि रिफाम्पिसिन

ज्ञान माणसाला तारतं. फक्त ते ऐनवेळी आठवावं लागतं.

आमचे दाजी औषधशास्त्राचे प्राध्यापक. ताईला क्षयरोग निघाला तेव्हा सगळं घर हादरलं. दाजींना मात्र चेहरा पाडून बसतानाही हुरूप लपवता येईना. बावीस वर्षं फळ्यावर शिकवलेलं रिफाम्पिसिन आता प्रत्यक्ष घरात येणार होतं.

डॉक्टरीणबाई कागद वाचू लागल्या. "ही गोळी उपाशीपोटी. आणि लघवी..."

"केशरी होते," दाजी म्हणाले. "घाम, अश्रूसुद्धा. बाई, मी हे शिकवतो."

बाईंनी अदबीने कागद मिटला. खालच्या चार ओळी तशाच राहिल्या.

मग रोज सहाला गजर, गोळी, आणि थोड्या वेळाने न्हाणीघराच्या दाराशी दाजी.

"रंग?"

"केशरी."

"शाबास."

ताईला हसू आवरेना. हसून डोळ्यांत पाणी आलं की दाजी पांढरा रुमाल घेऊन धावत. डागाळलेला रुमाल त्यांनी वर्गातही फिरवला. मी सख्खा भाऊ, विचारपूस करायला जायचो. चहाआधी रुमाल समोर यायचा.

ताईचं लक्ष वेगळीकडेच. सोळा वर्षांनी तिला नकाशांच्या कचेरीत पुन्हा नोकरी लागली होती. औषध संपवायचं आणि जूनमध्ये रुजू व्हायचं. धाकटा दहावीला, आता घरात कुणी रांगणारं नको, म्हणून एक दुसरी गोळीही ती कित्येक वर्षं नेमाने घेत होती.

तिसऱ्या महिन्यात तिला मळमळू लागलं. "औषधाचा परिणाम," म्हणत दाजींनी तक्ता आखला आणि महिनाभर मन लावून भरला. शेवटी ताईच दवाखान्यात जाऊन तपासून आली.

"एखादी गोळी चुकली असेल," दाजी म्हणाले.

"एकही नाही. दोन्ही वेळेवर. तुमच्याच गजरावर."

दाजींनी उठून आपली टिपणांची वही काढली. पान आपोआप उघडलं. रिफाम्पिसिनने यकृताला असा चेव येतो, की ते दुसरी औषधं अंगी लागण्याआधीच फस्त करतं. गर्भनिरोधक गोळी त्यात ठळक. लाल शाईत, दोनदा अधोरेखित.

"परीक्षेत विचारता का हो हे?" मी म्हटलं.

"दरवर्षी. पाच गुणांना."

ताईने टेबलावरच्या नेमणूकपत्राकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि हसत सुटली. केशरी टिपं गालावर आली. या खेपेला रुमाल मी दिला.

रुजू व्हायची तारीख पाच जून होती. बाळाचीही.