एकशे पाच झाकणं

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. चांगलं शिकवलं की नाही, याची मला अजूनही खात्री नाही.

वर्गात शिंप्याची एक मुलगी होती. अंगानं बारीक, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिच्या समाजाची शहरात जेमतेम वीस घरं; घरातली त्यांची भाषाही वेगळी. ‘त्यांच्या मुलींचा हात शिवणात, डोकं नाही गणितात,’ असं शिक्षकांच्या खोलीत हसत हसत म्हटलं जाई. मी हसत नसे. पण बोलतही नसे.

एकदा उदाहरण होतं : शंभर सेंटिमीटर बाजूच्या चौरस पत्र्यातून दहा सेंटिमीटर व्यासाची किती झाकणं निघतील? पुस्तकात उत्तर शंभर. टाचणीनं लिहिलं, एकशे पाच.

“अगं, दहा रांगा, रांगेत दहा झाकणं.”

“पण सर, रांगा सरळ कशाला लावायच्या? दुसरी रांग पहिलीच्या खाचांत सरकवायची. मग एकीत दहा, एकीत नऊ, अशा अकरा रांगा बसतात. आम्ही कापडी बटणांचे गोल असेच कापतो.”

“परीक्षेत शंभरच लिही,” मी म्हणालो. घरी कंपास घेऊन काढून पाहिलं. एकशे पाच.

त्या वर्षी मोठ्या शहरातल्या विज्ञान विद्यालयासाठी मला शिफारसपत्रं लिहायची होती. दोन मुलगे होते, त्यांना बिनदिक्कत ‘कुशाग्र बुद्धीचा’ लिहिलं. तिच्या पत्रापाशी हात अडखळला. जास्त लिहिलं तर लोक म्हणतील, मास्तरांना त्या लोकांचा एवढा पुळका कशाला? मी लिहिलं, ‘मेहनती, नम्र, अक्षर सुंदर.’

पत्र घेऊन तिचे वडील घरी आले.

“मास्तर, आमच्यातली एकही पोर अजून तिकडे गेलेली नाही. तुम्ही छातीठोक सांगाल तर पाठवतो. पण यात नुसतं मेहनती लिहिलंय. म्हणजे घोकून करते का ही?”

टाचणी त्यांच्या मागे उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

“मेहनत... महत्त्वाचीच असते,” मी पुटपुटलो.

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. अर्ज गेलाच नाही.

परवा पँट आखूड करायला त्यांच्या दुकानात गेलो. आता दुकान तीच चालवते. तिची मुलगी गणिताच्या वहीपुढे रडवेली बसली होती.

“सोड गं,” टाचणी म्हणाली, “आपल्या घरात गणित कुणाच्या डोक्यात शिरलंय? मीसुद्धा नुसती घोकायची. विचार सरांना.”

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. या वेळी मी बोललो.

“तुझी आई वर्गात सगळ्यांत हुशार होती. माझ्याहूनही. पत्र मी चुकीचं लिहिलं. घाबरलो होतो.”

ओठांत टाचण्या धरूनच ती हसली. “जाऊ द्या हो सर. वय झालं की माणूस गोड बोलायला लागतो.”

मुलीनं वही मिटली. टाचणीनं कापड पसरलं आणि खडूनं बटणांचे गोल आखायला घेतले. दुसरी रांग तिनं, न मोजता, पहिलीच्या खाचांत सरकवली.