हनुवटीखालची घडी

"त्यापेक्षा डोळे बांधा म्हणावं माझे," हे मास्कच्या आतून पुटपुटले. "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

ते माझ्याशी बोलत नव्हते, चादरीशी बोलत होते. पण आमचं दुकान एवढंसं की चादरीला सांगितलेलं मला ऐकू येतंच. टेबलाच्या एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला मी, मध्ये इस्त्री. पाठीमागे पडदा, पडद्यामागे घर. घर म्हणजे एक खोली, ओटा, मोरी आणि खिडकीशी सासूबाईंची खाट.

तोंडी नाव डोळ्यांचं असलं तरी तक्रार नाकाची होती. इस्त्री करताना हे कापडाकडे बघतच नाहीत. रस्त्याकडे बघतात, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात, माझ्याशी वाद घालतात. कापडावर लक्ष ठेवतं ते नाक. सुती कापड तापलं की त्याचा एक वास, टेरिकॉटचा दुसरा, आणि करपायच्या अगदी आधी दोन्हींचा वास बदलतो म्हणे. मला तो कधीच कळला नाही. ह्यांचा हात मात्र तेवढ्यात आपोआप वर उचलला जायचा. गल्लीत ह्यांना 'नाकवाले' म्हणतात. माझे धाकटे दीर तर म्हणायचे, "दादाला मुलगी दाखवली तेव्हा त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. वहिनीच्या हातचा चहा हुंगला आणि हो म्हणाला."

साथ आली आणि आधी कचेऱ्या बंद झाल्या, मग आमचं टेबल रिकामं झालं. लोक घरून काम करायला लागले. शर्ट यायचे, पण पँट एकही नाही. "अर्धीच माणसं उरलीत जगात," हे म्हणायचे, "कमरेच्या वरची." पुढे पुढे शर्टही येईनात. हँगरवर एक काळा सूट लटकत होता. कुणाच्या तरी लग्नासाठी म्हणून घाईनं टाकलेला, न्यायला मात्र कोणी आलं नाही. एकदा त्या घरावरून गेले तर दाराला बाहेरून कडी आणि वर कसलासा कागद चिकटवलेला. मी वाचायला थांबले नाही. परत येऊन सूट भिंतीकडे तोंड करून टांगला.

धाकटे भाऊजी शाळेच्या बसवर ड्रायव्हर. शाळा बंद, बस बंद, पगार बंद. भाड्याची खोली सोडून ते आमच्याकडे राहायला आले. ओट्याखाली पाय घालून झोपायचे. झोपेत कूस वळली की पातेली वाजायची, आणि सासूबाई अंधारातच म्हणायच्या, "आला रे स्टॉप, उतर."

सासूबाईंच्या छातीत जुना दमा. त्यामुळे घरात नियम कडक. बाहेरून आलं की चपला दाराशी, हात साबणानं, कपडे बादलीत. आणि आम्ही इस्त्रीवाले, तेव्हा आमचा म्हणून एक जादा नियम, तापवण्याचा. ह्यांच्या मनानं घेतलं होतं की इस्त्रीखालून काहीच जिवंत जाऊ शकत नाही. मग काय, पेपरला इस्त्री. नोटांना इस्त्री, इतक्या कडक व्हायच्या की दुकानदार खोट्या समजून उजेडात धरून बघायचा. भाजीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला इस्त्री केली तेव्हा अर्धी पिशवी इस्त्रीच्या बुडाला चिकटली आणि ह्यांनी नाकावर हात दाबून सगळ्यांना रस्त्यावर काढलं. "विष आहे विष! आईला बाहेर आणा आधी!" आम्हाला थोडासाच वास येत होता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा किती हसलो होतो.

आम्हाला तारलं ते वृद्धाश्रमाच्या कामानं. तिथे कपडे उकळून धुतात, इस्त्रीला आमच्याकडे यायचे. चादरी, अभ्रे, गाऊन. मेट्रनबाई स्वतः दारात येऊन लांबूनच बोलल्या होत्या. बाई शिस्तीच्या, पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "एकच अट. तुमच्या घरात कुणाला साधं जरी काही वाटलं, तरी त्याच दिवशी मला फोन. आमची माणसं म्हातारी आहेत, मला दुसरी संधी मिळायची नाही." आणि जाताजाता, "मशीनवाले लाँड्रीवाले रोज विचारतायत मला. पण तुमचं काम चांगलं आहे."

तेवढ्या एका कामावर चूल पेटत होती. दुकानाचं भाडं, लाइट, सासूबाईंचा दम्याचा पंप, चौघांचं खाणं. फोन केला की काम मशीनवाल्याकडे जाणार, आणि मशीनकडे गेलेलं काम परत येत नाही, हे सांगायला कोणी शिकलेलं लागत नाही.

ह्यांनी त्या आश्रमातलं एकही माणूस पाहिलेलं नव्हतं. पण वासावरून ओळख मात्र होती. कितीही उकळलं तरी अभ्र्यात माणसाचं काहीतरी राहतंच, आणि गरम इस्त्री फिरली की ते वर येतं. एक होते मलमवाले आजोबा, एक तपकीरवाले. आणि एक तेलवाल्या आजी, डोक्याला कापराचं तेल चोपडणाऱ्या. त्यांच्या अभ्र्यावर इस्त्री टेकली की हे म्हणायचे, "आल्या! आज जरा जास्तच चोपडलंय, डोकं दुखत असणार." एकदा गाठोडं संपलं तरी मलमवाल्यांचा अभ्रा निघालाच नाही. पुढच्या खेपेलाही नाही. त्या दिवशी ह्यांनी रेडिओ लावला नाही, एवढंच.

ह्या सगळ्यात मास्कची भर. मेट्रनबाईंची सक्त ताकीद, काम करताना मास्क. म्हणून ती चादरीकडे तक्रार.

आणि ते पुटपुटणं अजून चालूच होतं, तोवर मला वास आला. करपल्याचा. मला! जिला आयुष्यात पुढचं काही आधी कळलं नाही, तिला. मी ओरडले, "अहो, हात!" त्यांनी हात उचलला. पांढऱ्या चादरीवर इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलं होतं, होडीसारखं.

आम्ही दोघं त्या होडीकडे बघत राहिलो.

"मास्क," हे म्हणाले.

"मास्कच," मी म्हणाले. "त्यात हा जाडा दिलाय कोणी तुम्हाला? उद्या पातळ शिवते."

पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, "करपलं का रे काही?"

"मास्कमुळे, आई."

"हां. मास्कमुळे," त्या म्हणाल्या.

भाऊजी संध्याकाळी आले तर त्यांनाही आम्ही तेच सांगितलं आणि तेही तेच म्हणाले. चौघांनी मिळून त्या बिचाऱ्या फडक्यावर खापर फोडलं. मग भाऊजी नेहमीसारखं गाठोडं स्कूटरला बांधून आश्रमात देऊन आले. होडीवाली चादर तेवढी मी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंची पाठ शेकत होते आणि हे ओट्याशी उभे राहून चहा पीत होते. पुढ्यातच दूध होतं. ते वर आलं, उतू गेलं, शेगडीवर जळलं, धूर झाला. हे चहा पीत राहिले. तोंडाला मास्क नव्हता, कप होता.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. "अगं, सांगायचं ना!" ते दचकून म्हणाले. मी म्हणाले, "तुमचं लक्ष नव्हतं." ते म्हणाले, "हो, लक्ष नव्हतं." मी पातेलं मोरीत नेलं आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ घासत बसले. खाटेवरून सासूबाई माझ्या पाठीकडे बघत होत्या, ते मला न बघताही कळत होतं.

त्या दिवसापासून हे दुकानात टेबलाखाली झोपायला लागले. म्हणे आत उकडतं. दुकानात तर दिवसभर तापलेली भिंत.

"उकडतं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "झोपू दे तिकडेच."

"मग मी पण बाहेर पडतो पायरीवर," भाऊजी म्हणाले. "मलाही उकडतं." आणि मग हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही.

ह्यांचं ताट मी वेगळं ठेवायला लागले, कपबशी वेगळी. कोणी विचारलं नाही का म्हणून. ह्यांनीही नाही. मी ताट टेबलावर ठेवून मागे सरायची, मग ते पुढे येऊन घ्यायचे. असं वाटायचं, आम्ही नव्यानं एकमेकांना लाजायला लागलोय. खोकला नव्हता. अंग किंचित गरम. "इस्त्रीपाशी उभा राहणारा माणूस गार कसा असेल?" कुणी विचारलंच नव्हतं, ते आपणहूनच म्हणाले.

काम मात्र थांबलं नाही. एकदा भाऊजी स्कूटर पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, इस्त्रीखालून काही जिवंत जात नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं तर."

"झालं तर," मी म्हणाले.

आणि ते खरंही असेल. पण चादरीची घडी इस्त्रीनंतर घालतात. मोठी चादर एकट्यानं घडी करायची म्हणजे तिचा मधला काठ हनुवटीखाली धरावा लागतो. दोन्ही हात पसरून टोकं जुळवायची, तोवर सगळी चादर हनुवटीवर तोललेली असते. ह्यांना माझी मदत चालत नाही, म्हणतात मी कोपरे चुकवते. हनुवटी खाली दाबली की मास्क घसरतो आणि नाकतोंड थेट चादरीत. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले होते. आता प्रत्येक घडीला माझी नजर तिथेच जायची. मी म्हणाले, "आज मी करते घड्या." ते म्हणाले, "कोपरे चुकवशील." मी टेबलाच्या ह्या अंगाला अभ्रे लावत राहिले.

त्या दुपारी नवीन गाठोडं निघायचं होतं. भाऊजी दारात स्कूटर चालू ठेवूनच उभे. "दादा, आटप, ते गेट बंद करतात." एकच अभ्रा राहिला होता. ह्यांनी तो पसरला, इस्त्री फिरवली, घडी घालायला सवयीनं हनुवटीखाली धरला आणि तसेच थांबले.

"हा कोणाचा?" ते म्हणाले.

मला टेबलापलीकडून कापराचा भपकारा येत होता. नाकात झोंबत होता. मी म्हणाले, "असेल कुणाचा तरी."

त्यांनी मास्क काढला, पार कानावरून काढून मुठीत घेतला. अभ्रा तोंडाशी नेला आणि लांब श्वास घेतला. मग उलट बाजूनं. मग कोपऱ्यात नाक खुपसून. लहान मूल आईच्या पदरात तोंड घालतं तसं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"तपकीरवाल्यांचा का?"

मी इस्त्री बाजूला सरकवली.

"दादा," भाऊजी दारातून म्हणाले, "मास्कमुळे होतं रे तसं."

मास्क ह्यांच्या मुठीत होता. भाऊजींना तो दिसत होता. त्यांनी स्कूटर बंद केली. एकदम इतकी शांतता झाली की पडद्यामागे सासूबाईंनी कूस बदललेली, खाट करकरलेली ऐकू आली.

"थोरल्या," त्या आतून म्हणाल्या. आवाज अगदी साधा, मीठ संपलंय सांगावं तसा. "तेलवालीचाच आहे तो. मला इथपर्यंत येतोय वास."

हे पडद्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आधी काय आलं असेल तर सुटका. आईला येतोय. खिडकीशी, पडद्याआड, दम्याच्या बाईला येतोय. मग त्यांनी हातातल्या अभ्र्याकडे पाहिलं आणि ती सुटका ओसरली.

"ह्या आधीची खेप," ते म्हणाले, "कधी घालतात गं ते चादरी? आल्या आल्या घालतात की कपाटात ठेवतात?"

मला माहीत नव्हतं. भाऊजींना माहीत नव्हतं. भाऊजी गाठोड्याला एक हात लावून उभे होते. ते ना उचलत होते, ना सोडत होते.

"दादा, भाडं," ते इतकंच म्हणाले. आणि मग, "आईचा पंप." आणि मग त्यांनी गाठोड्यावरचा हात काढला आणि खिशात घातला, थंडी वाजल्यासारखा.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेट्रनबाई. गेट बंद करायची वेळ झाली होती. मी हात पुढे केला. काय सांगणार होते, देव जाणे. स्कूटर बिघडली, असं काहीतरी तोंडात तयार होतं माझ्या. पण ह्यांनी मला लांब राहा अशी खूण केली, अभ्रा नीट घडी करून बाजूला ठेवला, आणि फोन उचलला.

पलीकडून बाई काहीतरी भराभर बोलत होत्या. ह्यांनी त्यांना बोलू दिलं. मग घसा साफ केला.

"बाई, मला वास येत नाही," हे म्हणाले. "कशाचाच येत नाही. मला तो साथीचा आजार झालाय. आजचं गाठोडं पाठवत नाही. आणि मागच्या खेपेच्या चादरी अजून घातल्या नसतील, तर घालू नका."