न पसरलेली ताडपत्री

पडद्यावर दोन चौकोन आले. एक पांढरा, एक काळा, मधली कड सुरीने कापल्यासारखी. खोलीत टाळ्या वाजल्या. तिने मात्र टाळी वाजवली नाही.

कारण मंगळवारी तिने ताडपत्र्या पसरल्याच नव्हत्या.

*

मंगळवारचा कागद:
पांढरी ताडपत्री: पसरली.
काळी ताडपत्री: पसरली.
उपग्रह डोक्यावर: दहा चाळीस.
सही: आहे. तिचीच.

*

काम तसं सरळ. पुरावर नजर ठेवायला सोडलेला कंपनीचा पहिला उपग्रह, शाळेच्या दप्तराएवढा, दर तीन दिवसांनी शहराबाहेरच्या माळावरून जायचा. तेव्हा खाली दोन अवाढव्य ताडपत्र्या शेजारी शेजारी अंथरायच्या. फोटोत त्यांची मधली कड स्वच्छ दिसली की कॅमेऱ्याचं भिंग बरोबर बसलंय. पुसट दिसली की चुकलंय. अंथरायला ती आणि ट्रकवाले काका. ऑफिसात तिला ताडपत्रीबाई म्हणत.

मंगळवारी आभाळ गच्च भरलेलं. ढगातून काय दिसणार, कपाळ, म्हणून तिने काकांना परत पाठवलं, कागद भरला आणि घरी जाऊन पाठ टेकली. साडेदहाला लख्ख ऊन पडलं. दोन दिवस ती साहेबांच्या बोलावण्याची वाट बघत होती. आल्या त्या या टाळ्या.

"उद्या नऊला उरलेल्या सहा उपग्रहांची भिंगं चिकटवायला घ्या," साहेब म्हणाले. "हेच माप."

एकदा गोंद सुकला की भिंग केसभरही हलत नाही. माप चुकलेलं असेल तर सहाच्या सहा आंधळे. मग पुराचं पाणी कुठवर चढलं, हे वरून कोण बघणार?

*

आधी संशय काकांवर.

"काका, मंगळवारी तुम्ही परत माळावर गेला होता का?"

"एकटा? त्या ताडपत्र्या उचलायला गेलो असतो तर आज तू मला उचलत असतीस."

मग साहेबांवर. जिन्यात भेटले, म्हणाले, "काय, बरं आहे ना?" बरं आहे ना म्हणजे काय? यांना कळलंय, आणि हे गंमत बघतायत?

मग नणंदेवर. हा संशय तिने दुपारपर्यंत मनात येऊ दिला नव्हता. वरून येणारा प्रत्येक फोटो नणंदेच्या हातून जाई. आणि ही नोकरीही नणंदेनेच लावून दिलेली.

*

"ताई, मंगळवारचा फोटो छान आला."

"आला ना." नणंद पडद्यावरून नजर हलवेना.

"ताडपत्र्या किती स्वच्छ दिसतात."

"तू पसरल्यास तर दिसणारच की." मग तिच्याकडे वळून, "पसरल्या होत्यास ना?"

"नव्हत्या."

नणंद उठली आणि दार लोटून आली. "माहीत आहे. रिकामा माळ आला होता. मी त्याच्या जागी गेल्या वर्षी विमानातून काढलेला ताडपत्र्यांचा फोटो घातला. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून."

"माझ्यासाठी?"

"मग काय शेजारणीसाठी?"

"खरा फोटो दाखवा, ताई."

नणंदेने कुरकुरत दाखवला. माळ, आणि कडेने तिचा रोजचा रस्ता. मध्ये रुंद दुभाजक असलेला रस्ता, त्याचा एकच करडा फराटा झाला होता.

"पुसट आहे हो. दुभाजक कुठे गेला?"

"तुला बघायची सवय नाही. रस्त्यावरून काही ठरत नसतं. त्यासाठीच तर ताडपत्र्या…" नणंद मध्येच थांबली. "हे बघ, उद्या पुन्हा पसर. मग बघू."

"उपग्रह दहा चाळीसला येतो. गोंद नऊला लागतोय."

"तोंड उघडलंस तर दोघी घरी बसू. तुझ्या नवऱ्याला तूच सांग मग."

*

नणंदेने हे खरंच तिच्यासाठी केलं होतं? की भिंग चुकलंय हे लपवायला तिची खोटी सही आयती सापडली होती? बसमध्ये, जेवताना, नवरा काहीतरी दुसऱ्यांदा विचारत असताना तिने हा प्रश्न उलटापालटा करून पाहिला. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटत होत्या. एवढंच कळत होतं की नणंदेचं मन ओळखून भिंग काही सुधारणार नव्हतं.

*

शुक्रवार, नऊला पाच कमी.

साहेबांचाही भरवसा वाटेना, म्हणून ती थेट भिंगाच्या खोलीत गेली. पांढरा झगा घातलेले गोंदवाले हातात सिरिंज घेऊन वाकले होते.

"बाहेर. टोपी नाही घातली तुम्ही."

"चिकटवू नका."

"साहेबांचा कागद आहे?"

"नाही. मंगळवारच्या कागदावरची माझी सही खोटी आहे. ताडपत्र्या पसरल्याच नव्हत्या."

"मग फोटोत कोणाच्या आहेत?"

"ते ज्याचं त्याने सांगावं. मी माझं सांगितलं."

गोंदवाल्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला पाठवलं कोणी?"

"कोणी नाही."

"असं स्वतःहून कोणी येतं होय? नोकरी जाईल हे कळतंय ना?"

"कळतंय."

"गोंद कालवून झालाय. चाळीस मिनिटांत दगड होतो."

"होऊ दे."

त्यांनी सिरिंज आडवी ठेवली, फोन उचलून साहेबांना खाली बोलावलं आणि तिला म्हणाले, "बसा इथेच. हलायचं नाही."

ती बसली. बसल्या बसल्या तिने काकांना फोन लावला. "ट्रक काढा. दहा चाळीसला पसरायच्या आहेत."

"काढतो. दुसऱ्या टोकाला तू आहेस ना?"

काचेपलीकडे साहेब जिना उतरत होते. त्यांच्या मागे नणंद, रेलिंग धरून, एकेक पायरी.

"मी नसले तर दुसरं कोणी बघा," ती म्हणाली. "पण पसरा."