नेली तशी आणा

ऐका गं, मशिनी थांबवा जरा. मास्तरीणबाई यायच्या आत सांगते, न्हाई तर दिवसभर माझा टाका वाकडा पडंल. दिवाळीला मी आत्याच्या गावाला गेलते ना, तिथं एका घागरीवरून लय झालं.

माझी आत्या म्हंजे धुरपताबाई. तिचे मालक बन्सीधरमामा, जमीनजुमलेवाले, मळ्यात सोताची विहीर. पोरगा एकच, मुंजाजी. मी मुंजादादा म्हणते. कामाला ढिला, पण जिथं गर्दी तिथं पयला.

आन् त्या गावात एक मंडळ हाय, ग्रामहित मंडळ. सुगी झाली की घराघरातून द्यायचं, कुणी पायली ज्वारी, कुणी लुगडं, कुणी भांडं. मंग ज्याला नड असंल त्याला मंडळ देतं. कुणाच्या लेकीचं लगीन, कुणाची मयत, कुणाच्या लेकराची पुस्तकं. कायदा एकच, कुणी काय दिलं ते कुणी इचारायचं न्हाई. पोतं चावडीत न्यायचं, ढिगावर ओतायचं, मोकळ्या पोत्यानं घरी यायचं. दत्तराव म्हणून अध्यक्ष हायेत, तेच म्हणतात, या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं न्हाई. गावाला त्याचा लय अभिमान.

आता पोळ्याच्या आधी विद्यापीठाच्या नामांतरावरून काय झालं ते तुमाला ठावं हाय. त्या गावातबी झालं. भीमनगरातली एक ओळच्या ओळ जाळली. माणसं हायब्रीडच्या ज्वारीत लपली म्हणून वाचली. पोलीस आले, सायेब आले, छपराला सरकारचे पत्रे आले. मंग दिवाळीच्या तोंडावर दत्तरावांनी बैठक घेतली आन् म्हणले, जळालेल्या घरांना यंदा मंडळाचं द्यायचं, हरेक घरानं दिलंच पायजे. दिलं की सगळ्यांनी. ज्या घरातली पोरं त्या राती तिकडं गेलती, त्या घरातूनबी पोती निघायलती. कुणी कुणाला काही म्हणना.

आमच्याकडं मी आन् आत्या चकल्या तळायलतो. मामांनी मुंजादादाला सांगितलं, दोन पायल्या ज्वारी घाल, एक घोंगडं घाल, एखादं भांडंबी टाक. दादानं काय केलं, गोठ्यात एक घागर होती, म्हशीची सरकी भिजवायची, काळी कुट्ट, तीच उचलली आन् पोत्यात घातली. म्हणला, आईला घरातलं भांडं मागितलं तर बोलत बसंल.

ती घागर घरात कवा आली ते आत्यानं त्याला मागंच इचारलं होतं. सेलूच्या बाजारात मोडीत मिळाली म्हणला. आत्यानं धरलं खरं.

बरं, दत्तरावांचं आणिक एक हाय. देताना वस्तू लखलखीत द्यावी, घेणाराला बरं वाटतं. म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवशी चावडीपुढं गावातल्या बायकांनी चिंच आन् राख लावून समदी भांडी घासली. अशी घासली की डोळे दिपावेत.

पाडव्याला मांडव, हार, कर्णा, सगळं. भीमनगरातली माणसं एका अंगाला बसवली. एकेकाचं नाव पुकारायचं, दत्तराव हातात द्यायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मी आन् आत्या पुढंच बसलेलो. सरजाबाईचं नाव पुकारलं. ती चंद्रभानची बायको. चंद्रभान ऊसतोडीला गेलेला, टोळी दिवाळीची वाट बघत न्हाई, म्हणून ही एकटीच घर परत उभं करायली. तिला ज्वारी दिली, ती घेतली. मंग घागर दिली.

ती घागर घेऊन उभीच राह्यली गं. हात घागरीच्या गळ्याखाली नेला, तिथं एक पोचा होता, त्यावर अंगठा फिरवला. मंग उलटी केली, सुलटी केली. काठापाशी अक्षरं कोरलेली, पण तिला वाचता येत न्हाई. तिनं इकडं तिकडं बघितलं आन् माझ्यापाशी आली. म्हणली, "पोरी, शाळा शिकलीस ना? हिथं काय लिवलंय ते मोठ्यानं वाच."

मला काय माहीत. मी वाचलं खणखणीत. सरजाबाईस आश्रुबा मामाकडून.

टाळ्या बंद. नुसता कर्णा घुंई करायला. तिच्या लग्नातली घागर, मामानं दिलेली.

दत्तराव खाली उतरून आले. हळूच म्हणले, तुझं नशीब चांगलं, गेलेली वस्तू घरला आली, घे आन् जा. कुणाकडून आली ते मंडळाला ठावं न्हाई, आमचा कायदाच तसा हाय, कुणी इचारणार न्हाई.

ती म्हणली, "मालक, नाव मी इचारतच न्हाई. पण माझंच मला दान कसं देता?"

 आन् आवाज चढवला न्हाई, बाजारात भाव सांगावा तशी पुढं म्हणली, "नेली तवा भरलेली होती. मी नुकतीच पाणी आणून उंबऱ्याशी ठेवलती. घर पेटलं, पाण्याला धावले, तर जागेवर घागर न्हाई. ज्यानं नेली त्यानं नेली तशी आणून द्यावी. भरून, माझ्या दारात."

घागर चावडीच्या पायरीवर ठेवली, ज्वारीचं गठुडं डोक्यावर घेतलं आन् गेली. ज्वारी काही तिच्या घरची न्हवती ना.

मंग घागर तिथंच. पाडवा गेला, भाऊबीज गेली. उचलायचं कुणी नावच घेईना, उचलंल त्यानंच नेलती असं व्हायचं. दत्तरावांनी निरोप धाडला की मंडळ तुला नवी घेऊन देतं, हिच्याहून मोठी. तिनं उलटा निरोप धाडला, नवी माझी हरवली न्हाई. आन् पारावर पत्ते कुटणारे म्हातारे, त्यांना काय, चेष्टाच. पारापुढून कुणी बी जाऊ द्या, म्हणायचे, "का हो, भरल्यावर वजन किती होईल हिचं?" मामा ते ऐकून मागच्या गल्लीनं घरी यायलते.

आत्यानं तर मांडवातच ओळखली होती. भाऊबीजेला जेवताना तिनं दादाला इचारलं. सेलूचा कोणता दुकानदार, नाव सांग म्हणली. दादा भाकरी मोडत बसला. मंग म्हणला, म्या काय जाळलं न्हाई, म्या नुसता बघायला गेलतो, येताना समदेच काही ना काही घेऊन यायलते.

"मंग पाणी?"

"जड व्हायली म्हणून वाटंत सांडलं."

 मामा म्हणले, आपलं कुणाला कळलं न्हाई, कळायचंबी न्हाई, मंडळाचा कायदा हाय. तवा आत्या म्हणली, "कायदा देणाराला हाय. नेणाराला न्हाई." आन् दादाला म्हणली, सकाळी भरून नेऊन ठेव. तो म्हणला, गडी माणूस डोक्यावर घागर घेऊन भीमनगरात जाऊ का, लगीन तरी जमंल का माझं. मामा म्हणले, खरंच हाय त्याचं. सकाळी उठून बघतो तर दादा येलदरीला, मावशीकडं. म्हणं मासे खायला.

आत्यानं भाकरी केल्या, म्हशीची धार काढली, आन् उन्हं चांगली वर आल्यावर निघाली. मी म्हणलं, अंधारात, तोंडं ओळखू यायच्या आत तरी जायाचं होतंस.  चावडीच्या पायरीवरून घागर उचलली. पारावरचे पत्ते हातातच राह्यले. ती घागर घेऊन मळ्यात गेली, आमच्या विहिरीवर. त्या विहिरीत सरजाबाईला कुणी कधी पोहरा सोडू दिला न्हाई, दुरून वाढायचे पाणी. आत्यानं घागर काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आन् भर गावातून चालली. मी मागं मागं. बायका दारात, लेकरं मागं, मामा कुठं दिसंनात.

सरजाबाई दारात माती तुडवायली, भिंत घालायची होती. आत्या उभी राह्यली. एरवी आत्या तिला सरजे म्हणायची. त्या दिवशी म्हणली, "सरजाबाई, घागर आणलीय. मुंजानं नेलती."

सरजाबाईनं पाय थांबवले. घागरीत वाकून बघितलं, कुठवर भरलीय ते. मंग म्हणली, "ठेवा."

मला वाटलं आता पाणी पिईल, नायतर रडंल, नायतर शिव्या देईल. काही न्हाई गं. तिनं घागर कलती केली आन् समदं पाणी त्या मातीत ओतलं. परत तुडवायला लागली. माती घट्टच होती अजून. थोडं तुडवलं, आत्याकडं बघितलं आन् म्हणली, "आणिक दोन खेपा लागतील."

आत्या जागची हलली न्हाई. मळा काय जवळ हाय का? मला वाटलं आता ही माघारी फिरते, दिली की घागर, झालं. तर आत्यानं पदर खोचला, चुंबळ परत डोक्यावर बसवली आन् घागर उचलली.

दुसऱ्या खेपेला पारावर कुणी न्हवतं. तिसऱ्या खेपेला आत्याची मान धरली, मंग ती मी आणली.